नियम सर्वांना ठाऊक असावेत : हौशी बॅडमिंटनचा एक पाठ

निवासी शाळेत वाढलेल्या मुलांना खेळाची गोडी वेगळी लावावी लागत नाही. आमच्या शाळेतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, नोकरी-व्यवसायानिमित्त शहरांत स्थिरावले आहेत आणि पहाटे किंवा संध्याकाळी महापालिकेच्या हॉलमध्ये, कामगार कल्याण केंद्रात अथवा वसाहतीच्या आवारात बॅडमिंटन खेळू लागले आहेत. काहींची मुले त्यांच्यासोबत येतात, काहींच्या पत्नी येतात. या मंडळींशी बोलताना दोन तक्रारी आमच्या कानी वारंवार येतात. पहिली वादाची : "सर्व्हिस कोणाची, यावरच अर्धा तास जातो." दुसरी दुखण्याची : "तीन महिने खेळलो आणि खांदा धरला."

दोन्ही तक्रारींचे मूळ आम्हांस एकच वाटते. आपण खेळ सुरू करतो, पण खेळाचा पाठ घेत नाही. ज्याला नियम येतात असे सर्वांना वाटते, तो सांगेल ते मान्य करावे लागते. नियम एकट्यालाच ठाऊक असला की तो त्या माणसाची मर्जी होऊन बसतो. नव्या खेळाडूला, विशेषतः उशिरा खेळायला आलेल्या स्त्रीला, त्या मर्जीपुढे गप्प राहावे लागते. आणि काही दिवसांनी ती व्यक्ती कोर्टावर येणे सोडते. म्हणून हौशी खेळाडूस आवश्यक असलेले नियम आणि तंत्र एकत्र, क्रमाने मांडावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

थोडा इतिहास

पिसांचे फूल लहान फळीने एकमेकांकडे उडवीत ठेवण्याचा खेळ इंग्लंडमध्ये जुना होता. त्यात हार-जीत नव्हती. फूल खाली पडू न देणे एवढेच उद्दिष्ट होते. हिंदुस्थानात आलेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी या खेळात मधोमध जाळी बांधली आणि त्याला स्पर्धेचे रूप दिले. पुण्याच्या छावणीत तो इतका रुजला की त्याला 'पूना' असेच नाव पडले. १८७० च्या दशकात येथे त्याचे नियम लिहिले गेले. मायदेशी परतणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर खेळ इंग्लंडला गेला आणि ग्लॉस्टरशायरमधील ड्यूक ऑफ ब्यूफोर्ट यांच्या 'बॅडमिंटन हाउस' या वास्तूवरून त्यास सध्याचे नाव मिळाले. १८९३ साली इंग्लंडमध्ये संघटना स्थापन झाली, १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली आणि १९३४ साली आंतरराष्ट्रीय महासंघ अस्तित्वात आला.

साहेबांच्या जिमखान्यात हिंदी माणसाला खेळाडू म्हणून सहसा प्रवेश नसे. परंतु नियम एकदा कागदावर आले की ते कोणालाही वाचता येतात, आणि खेळ कोणत्याही अंगणात मांडता येतो. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातील सेलांगर येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशातील विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. पुढे १९८० साली प्रकाश पदुकोण आणि २००१ साली पुल्लेला गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड जिंकली. २०२२ साली भारतीय पुरुष संघाने थॉमस करंडक मिळविला. छावणीच्या बंद अंगणातून निघालेल्या खेळाचा हा प्रवास लिखित नियमांच्या आधारानेच होऊ शकला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्यासारखे आहे.

कोर्ट, जाळी आणि फूल

पूर्ण कोर्टाची लांबी १३.४० मीटर (४४ फूट) व रुंदी ६.१० मीटर (२० फूट) असते. एकेरीसाठी रुंदी ५.१८ मीटर धरतात. म्हणजे दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्या एकेरीत बाद होतात. जाळीपासून १.९८ मीटर अंतरावर आखूड सर्व्हिसची रेषा असते. मागच्या रेषेच्या आत ०.७६ मीटरवर आणखी एक रेषा असते. ती केवळ दुहेरीच्या सर्व्हिससाठी आहे. दुहेरीत सर्व्हिस या रेषेच्या पुढेच पडली पाहिजे. सर्व्हिस परतविली गेली की मग मागची शेवटची रेषा हीच हद्द. थोडक्यात, सर्व्हिसचा चौकोन एकेरीत लांब व अरुंद असतो, दुहेरीत आखूड व रुंद. रेषा ही ती ज्या भागाला वेढते त्या भागाचाच अंश मानतात. म्हणून फूल रेषेला टेकले तर ते आत.

जाळीची उंची खांबांपाशी १.५५ मीटर आणि मध्यभागी १.५२४ मीटर, म्हणजे बरोबर ५ फूट. आपल्याकडे जाळी मधोमध लोंबते आणि कोणी लक्ष देत नाही. खेळ सुरू करण्यापूर्वी मध्यभागाची उंची टेपने मोजावी. दोन इंचांनी खाली आलेली जाळी जोरात मारणाऱ्याला उगाच झुकते माप देते.

पिसांच्या फुलात १६ पिसे असतात आणि त्याचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असावे लागते. नायलॉनचे फूल अधिक टिकते, म्हणून शिकण्यासाठी ते उत्तम. मात्र दोहोंचे उड्डाण वेगळे असते, तेव्हा एकाच सामन्यात ती अदलाबदलीने वापरू नयेत. फुलाचा वेग तपासण्याची सोपी रीत अशी : मागच्या रेषेवर उभे राहून हात खालून पूर्ण फिरवून फूल वरच्या दिशेने, बाजूच्या रेषेला समांतर मारावे. योग्य वेगाचे फूल पलीकडच्या मागील रेषेच्या आत ५३० ते ९९० मिलिमीटर अंतरात पडते. उष्ण हवेत आणि उंचीवरच्या गावी हवा विरळ असल्याने फूल वेगाने जाते. डब्यावर ७६, ७७, ७८ असे आकडे छापलेले असतात. आकडा जितका मोठा तितके फूल वेगवान. विदर्भातील उन्हाळ्यात लहान आकड्याचे फूल घेणे शहाणपणाचे.

गुणांची मोजणी : जुनी आणि नवी

अनेक वादांचे कारण पिढ्यांच्या अंतरात आहे. आमच्या ज्या विद्यार्थ्यांनी २००६ पूर्वी खेळ शिकला, त्यांना १५ गुणांचा डाव (स्त्रियांच्या एकेरीत ११) आणि 'सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण' हा नियम पाठ आहे. दुहेरीत एका जोडीची सर्व्हिस जाण्यापूर्वी दोन्ही जोडीदारांना संधी मिळे. त्यालाच आपण 'सेकंड सर्व्हिस' म्हणत असू. २००६ साली ही पद्धत गेली. त्यानंतर रूढ झालेल्या पद्धतीत डाव २१ गुणांचा असतो, प्रत्येक फेरीला गुण मिळतो मग सर्व्हिस कोणाचीही असो, आणि दुहेरीत 'सेकंड सर्व्हिस' नसते. २०-२० झाल्यास दोन गुणांची आघाडी घ्यावी लागते. २९-२९ झाल्यास तिसावा गुण मिळविणारा जिंकतो. सामना तीन डावांपैकी दोन जिंकणाऱ्याचा. एका जोडीच्या ११ गुणांवर ६० सेकंदांपर्यंत विश्रांती असते. तिसऱ्या डावात त्याच वेळी बाजूही बदलतात.

जुन्या पद्धतीने खेळूच नये असे आमचे म्हणणे नाही. चौघांची संमती असेल तर जरूर खेळावे. मात्र कोणत्या पद्धतीने खेळणार, हे पहिल्या सर्व्हिसपूर्वी ठरावे. १४-१२ झाल्यावर नव्हे.

दुहेरीतील सर्व्हिसचा क्रम

हा भाग सर्वांत अधिक चुकतो, म्हणून उदाहरणानेच पाहू. एका बाजूस क आणि ख, दुसऱ्या बाजूस ग आणि घ. सुरुवातीस क उजव्या चौकोनात, ख डाव्या; पलीकडे ग आपल्या उजव्या, घ आपल्या डाव्या चौकोनात.

०-० : क उजवीकडून तिरकस समोरच्या ग कडे सर्व्हिस करतो. क-ख गुण जिंकतात.

१-० : क आणि ख आपसांत जागा बदलतात. क आता डावीकडून घ कडे सर्व्हिस करतो. ग-घ जागा बदलत नाहीत. ही फेरी ग-घ जिंकतात.

१-१ : सर्व्हिस ग-घ कडे गेली. कोणीही जागा बदलत नाही. त्यांचा गुण १, म्हणजे विषम. म्हणून जो डाव्या चौकोनात आहे तो, म्हणजे घ, सर्व्हिस करतो. समोर डाव्या चौकोनात क आहे. तो ती घेतो. ही फेरी क-ख जिंकतात.

२-१ : पुन्हा कोणी जागा बदलत नाही. क-ख यांचा गुण २, म्हणजे सम. उजव्या चौकोनात ख उभा आहे, म्हणून ख सर्व्हिस करतो, ग कडे.

यातून लक्षात ठेवावयाची सूत्रे दोनच. पहिले : सर्व्हिस करणाऱ्या जोडीचा गुण सम असेल तर सर्व्हिस उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून. दुसरे : जागा फक्त सर्व्हिस करणारी जोडी बदलते, तीही आपल्याच सर्व्हिसवर गुण मिळाल्यावर. एकेरीसही पहिले सूत्र लागू आहे. क्रमात चूक झाल्याचे नंतर ध्यानात आले, तर ती तेथून पुढे दुरुस्त करावी. झालेले गुण कायम राहतात. हा नियम माहीत असता तर कितीतरी भांडणे झालीच नसती.

सर्व्हिसच्या मर्यादा

सर्व्हिस करताना रॅकेट लागते त्या क्षणी संपूर्ण फूल कोर्टाच्या पृष्ठभागापासून १.१५ मीटरपेक्षा खाली असले पाहिजे. पूर्वी हीच मर्यादा सर्वांत खालच्या बरगडीच्या पातळीवरून मोजत. उंच व बुटक्या खेळाडूंना आता एकच माप लागू आहे. हौशी मंडळात मोजणार कसे? खांबाची उंची १.५५ मीटर असते. त्याच्या टोकापासून ४० सेंटिमीटर खाली रंगीत पट्टी चिकटवावी. तेवढी खूण पुरते.

सर्व्हिस करणाऱ्याचे व घेणाऱ्याचे दोन्ही पाय फूल मारले जाईपर्यंत जमिनीला टेकलेले व स्थिर असावेत, आणि कोणाचाही पाय रेषेवर नसावा. रॅकेट प्रथम फुलाच्या बुचाला लागली पाहिजे, पिसांना नाही. रॅकेट पुढे निघाली की मध्ये थांबवून प्रतिस्पर्ध्याला फसविता येत नाही. सर्व्हिसचा प्रयत्न करताना फूल रॅकेटला लागलेच नाही, तर तो दोष होय. 'पुन्हा करतो' असे म्हणण्याची सोय नाही. याउलट, सर्व्हिसचे फूल जाळीला घासून योग्य चौकोनात पडले तर ती सर्व्हिस चांगली. टेनिसच्या सवयीने येथे पुन्हा सर्व्हिस मागणे चूक आहे.

खेळ चालू असतानाचे दोष

फूल शरीराला किंवा कपड्याला लागले, छताला वा भिंतीला लागले, एकाच खेळाडूने दोनदा मारले, किंवा दोन्ही जोडीदारांनी लागोपाठ मारले, तर गुण समोरच्याला जातो. फूल खेळात असताना रॅकेट, शरीर वा कपडा जाळीला लागणे हाही दोष. जाळीपलीकडे हात नेऊन फूल मारता येत नाही. मात्र आपल्या बाजूस मारल्यानंतर रॅकेट ओघाने पलीकडे गेली तर चालते. ओरडून वा हातवारे करून प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे नियमानेच निषिद्ध आहे, हे 'गंमत' म्हणून ओरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. शेजारच्या कोर्टाचे फूल मध्येच आले तर 'लेट', म्हणजे ती फेरी पुन्हा. आपल्याकडील बहुउद्देशीय सभागृहांत तुळया आणि पंखे खाली असतात. त्यांना फूल लागल्यास काय करावे याचा स्थानिक नियम ठरवून तो लिहून लावावा.

रेषेचा निर्णय हा हौशी खेळातील कसोटीचा क्षण. पंच नसतो. फूल ज्याच्या बाजूस पडते त्याने निर्णय द्यावा, हा सर्वमान्य संकेत. पण संकेताचा अर्थ अधिकार एवढाच घेऊ नये. त्यात जबाबदारीही येते. ज्याने स्पष्ट पाहिले नाही त्याने 'बाहेर' म्हणू नये. जोडीदारांत मतभेद असेल तर गुण समोरच्यांना द्यावा किंवा फेरी पुन्हा खेळावी. आपल्या कपड्याला फूल घासले हे बहुधा आपल्यालाच ठाऊक असते. ते आपणच सांगावे. असे सांगणाऱ्याचा एक गुण जातो. पुढे त्याच्या 'बाहेर' या शब्दावर कोणी शंका घेत नाही.

पकड आणि फटके

रॅकेट धरण्याची मूळ रीत हस्तांदोलनासारखी आहे : रॅकेटची कड जमिनीकडे ठेवून मूठ अशी धरावी की अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा आकार दिसावा. तवा धरावा तशी रॅकेट धरणारे पुष्कळ असतात; त्यांना जाळीजवळ फूल सपाट ढकलता येते, पण मागून मारता येत नाही. डाव्या अंगाच्या फटक्यासाठी, म्हणजे बॅकहँडसाठी, रॅकेट बोटांत किंचित फिरवून अंगठा मुठीच्या रुंद सपाट बाजूवर टेकवावा. मूठ सतत आवळून धरू नये. ती सैल असावी आणि फूल लागण्याच्या क्षणीच घट्ट व्हावी. कोपर दुखण्याच्या अनेक तक्रारी सदैव आवळलेल्या मुठीपासून सुरू होतात.

बळ कोठून येते, याविषयी मोठा गैरसमज आहे. २०२३ साली सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. हा वेग फूल रॅकेटवरून सुटतानाचा असतो. पिसांच्या घेराला हवेचा विरोध इतका होतो की पलीकडे पोहोचेपर्यंत तो झपाट्याने उतरतो. म्हणून केवळ दंडाच्या जोराने फूल दूर जात नाही. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात झटक्यात आत वळविण्याने आणि योग्य क्षण साधण्याने ते जाते. कडीचे दार उघडताना किल्ली फिरवावी तशी ही हालचाल आहे, फक्त अधिक चपळ.

डोक्यावरून मारण्याच्या फटक्यांची पूर्वतयारी एकच असते. शरीर आडवे वळवावे, दुसरा हात फुलाच्या दिशेने वर करावा, कोपर मागे व उंच ठेवावे आणि फूल डोक्याच्या किंचित पुढे, हात पूर्ण ताणून वरच्या टप्प्यावर मारावे. फूल उंच व खोल मागे पाठविले तर तो क्लिअर. जोर काढून जाळीलगत सोडले तर ड्रॉप. खाली जोरात मारले तर स्मॅश. तिन्हींची सुरुवात सारखी दिसली तर प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत अंदाज येत नाही. नवीन खेळाडूने क्रम असा ठेवावा : प्रथम क्लिअर, मग ड्रॉप, शेवटी स्मॅश. आमच्याकडे हा क्रम उलटा असतो आणि खांदा त्याची किंमत मोजतो. फूल डोक्यामागे गेलेले असताना मारलेला स्मॅश हा खांद्यावरचा सर्वांत मोठा अन्याय होय.

सर्व्हिसमध्ये दुहेरीसाठी बॅकहँडची आखूड सर्व्हिस शिकावी : फूल पिसांच्या टोकाशी दोन बोटांत धरून, रॅकेट त्याच्या मागे ठेवून, हलकेच ढकलावे, म्हणजे ते जाळीलगत जाऊन आखूड रेषेपलीकडे पडते. एकेरीत उंच व खोल सर्व्हिस उपयोगी. फूल उंचावरून जवळजवळ सरळ खाली येते आणि समोरच्याला मागच्या रेषेपर्यंत नेते.

पावले आणि जागा

हात सुधारण्यापूर्वी पाय सुधारावेत. एकेरीत प्रत्येक फटक्यानंतर कोर्टाच्या साधारण मध्यावर परतावे. समोरचा खेळाडू फूल मारण्याच्या क्षणी दोन्ही पायांवर छोटीशी उसळी घ्यावी. त्यामुळे कोणत्याही दिशेला निघता येते. जाळीकडे जाताना शेवटचे पाऊल मोठे, टाच आधी टेकवून टाकावे, आणि गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेने वाकावा. गुडघा आत वळला तर तो कधी ना कधी दुखणारच. मागे जाताना पाठमोरे धावू नये; अंग वळवून, पाऊल सरकवीत जावे.

दुहेरीत जागेचे तत्त्व सोपे आहे. आपण खाली मारीत असू, तर एक पुढे व एक मागे. आपण फूल वर उचलून दिले, तर दोघेही शेजारी शेजारी, कारण आता स्मॅश येणार आहे. पुष्कळ जोड्या संपूर्ण डाव एकाच रचनेत खेळतात : बलवान मागे आणि दुबळा पुढे. मग मागचा दमतो आणि पुढचा नुसता उभा राहतो. दोघांनी तत्त्व समजून घेतले तर दोघांचाही खेळ होतो. दोघांच्या मधोमध येणाऱ्या फुलासाठी 'माझे' असा स्पष्ट पुकार करावा. मुकाट्याने रॅकेटवर रॅकेट आपटण्यापेक्षा ते बरे.

शरीर आणि डोळे

बॅडमिंटन हलकाफुलका खेळ वाटतो, पण त्यात अचानक थांबणे, वळणे व उडी घेणे सतत असते. चाळिशीनंतर दिवसभर खुर्चीत बसून थेट कोर्टावर उतरणाऱ्याची टाचेमागची जाड शीर तुटण्याचा धोका खराच असतो. आधी दहा मिनिटे चालणे, हलके धावणे, खांदे व घोटे फिरविणे आवश्यक आहे. रस्त्यावर धावण्याचे जाड तळव्याचे बूट येथे घोटा मुरगळवतात. सपाट रबरी तळव्याचे, हॉलसाठीचे बूट वापरावेत. छातीत दुखले, दम असाधारण लागला वा चक्कर आली, तर डाव तेथेच सोडावा आणि वैद्यकीय मदत घ्यावी. अशा वेळी 'एवढा डाव पुरा करू' हे वाक्य कोणी उच्चारू नये.

डोळ्यांना धोका विशेषतः दुहेरीत असतो. पुढे उभा असलेला खेळाडू मागचा जोडीदार काय मारतो हे पाहण्यासाठी वळतो आणि फूल सरळ डोळ्यावर येते. पुढच्याने रॅकेट चेहऱ्यासमोर वर धरून जाळीकडेच पाहावे. मुलांसाठी संरक्षक चष्मा घेतला तर उत्तम. समोर नवखा खेळाडू जाळीला चिकटून उभा असेल, तर त्याच्या अंगावर पूर्ण ताकदीचा स्मॅश मारण्यास नियमाची बंदी नाही. पण नियमाने मोकळीक दिली म्हणून ती प्रत्येक वेळी वापरलीच पाहिजे असे नाही.

कोर्टाची वाटणी

आता अखेरचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कोर्ट एक आणि खेळाडू बारा, ही आपल्या बहुतेक मंडळांची स्थिती. तेथे काही अलिखित प्रथा पडतात. जिंकणारे हलत नाहीत. नवखे बाकावर बसतात. स्त्रियांना 'आमचे झाल्यावर' कोर्ट मिळते, तेव्हा दिवे मालवण्याची वेळ झालेली असते. अशा प्रथेचा दोष कोणा एकाचा नसतो, म्हणूनच ती टिकते.

उपाय साधे आहेत. फळ्यावर येण्याच्या क्रमाने नावे लिहावीत. प्रतीक्षेत माणसे असतील तर एकच २१ गुणांचा डाव खेळावा आणि जिंकलेल्या जोडीनेही दोन डावांनंतर कोर्ट सोडावे. जोड्या करताना एक जाणता व एक नवखा अशी सांगड घालावी. बळात फरक फार असेल तर नवख्यांना ५ किंवा ७ गुणांपासून सुरुवात करू द्यावी. त्यामुळे दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत झुंजावे लागते. आठवड्यातील एक वेळ केवळ शिकणाऱ्यांसाठी राखावी, आणि त्या वेळी जाणत्यांनी खेळण्याऐवजी फुले टाकून द्यावीत. फुलांचा खर्च सर्वांनी सारखा उचलावा; ज्याने फूल आणले त्याचा शब्द अधिक चालतो, असे होऊ देऊ नये.

या पाठातील दोन गोष्टी तरी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या मंडळात कराव्यात, अशी आमची विनंती आहे. सर्व्हिसच्या क्रमाची दोन सूत्रे, १.१५ मीटरची मर्यादा आणि आपण ठरविलेले स्थानिक नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत. आणि पुढच्या वेळी वाद झाला की गटातील सर्वांत अनुभवी माणसाला न विचारता, सर्वांत नव्या खेळाडूला तो कागद वाचून निर्णय सांगू द्यावा.